नाशिक रोडमधला ‘रोड’: रेल्वेच्या प्रश्नखेळाच्या चाचणी-नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

दादाने आज १४० पत्त्यांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, ‘माझं झालं, आता तू बघ.’ प्रत्येक पत्त्यावर रेल्वेचा एक प्रश्न, खाली चार पर्याय, मागच्या बाजूला उत्तर. सोबत त्याने स्वतः आखलेला पट. त्यावर सीएसएमटी, ठाणे, कल्याण, कसारा, इगतपुरी, देवळाली, नाशिक रोड, निफाड, लासलगाव, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ. उत्तर बरोबर आलं की सोंगटी एक स्टेशन पुढे. आधी भुसावळला पोचेल तो जिंकला.

कसारा ते इगतपुरी या एका टप्प्याला वेगळा नियम आहे आणि मला तो फार आवडला. घाट एकट्याने चढता येत नाही. खऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती गाडी ढकलत इगतपुरीपर्यंत नेतात, तिथे सुटतात आणि परत खाली येतात. खेळातही कसाऱ्याला पोचलेल्याने मागे राहिलेल्या कुणाला तरी बँकर म्हणून बोलवायचं आणि दोघांनी मिळून प्रश्न सोडवायचा. सुटला की खेळणारा वर जातो, बँकर होता तिथेच राहतो.

दादा अकरा वर्षं पासावर पंचवटी एक्सप्रेसने ये-जा करतोय. त्याने हा खेळ त्याच्याच तीन मित्रांबरोबर खेळून पाहिलाय आणि सगळ्यांना तो बेहद्द आवडलाय. पण त्या चौघांना रेल्वेतलं सगळंच येतं. खेळ घराघरांत जावा अशी त्याची इच्छा आहे, आणि घरात त्याच्यासारखी माणसं नसतात. घरात असतात ती खिडकीची जागा मागणारी, फाटकात गाडी गेली की डबे मोजणारी, घाट आला की बोगदे मोजणारी. गाडी आवडते, पण इंजिनाचं नाव ठाऊक नसतं. मी त्यांना माझ्या वहीत ‘खिडकीवाले’ म्हणणार आहे. मी स्वतः त्यांच्यातलीच.

वहीत प्रत्येक पत्त्यासमोर तीन रकाने आखले. उत्तर बरोबर आलं का. विचार केला की नुसतं बोट ठेवलं. आणि उत्तर कळल्यावर माणसाने काय केलं. पहिल्या रकान्यावर एकट्यावर विसंबून चालणार नाही. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातून एकदा बरोबर येतंच. आठजणांत दोघांचं बरोबर आलं, तर त्याचा अर्थ ते कुणालाच येत नाही असाही असू शकतो.

९ नोव्हेंबर, रविवार

घरीच, जेल रोडला. मामा, मामी, नववीतला भाचा आणि शेजारच्या काकू. दादाला मुद्दाम बाहेर पाठवलं, कारण कुणी चुकलं की त्याचा चेहरा बदलतो आणि मग लोक उत्तराऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे बघतात.

इंजिनांचे पत्ते साफ पडले. ‘डब्ल्यूएजी-१२ या इंजिनाची ताकद किती अश्वशक्ती?’ असा पत्ता. उत्तर १२,०००. काकूंनी बोट ठेवलं, चुकलं, पत्ता खाली ठेवला, पुढचा उचलला. कुणी काही विचारलं नाही, कुणी ‘अरे वा’ म्हटलं नाही. असे नऊ पत्ते गेले आणि तिसऱ्या रकान्यात नऊ वेळा मी ‘काही नाही’ असं लिहिलं.

स्टेशनांच्या संक्षिप्त नावांचं मात्र वेगळंच झालं. मला वाटत होतं तेही पडतील. ‘एनके’ म्हणजे नाशिक रोड हे सगळ्यांना आलं, ‘एमएमआर’ म्हणजे मनमाड हेही आलं, कारण तिकिटावर वर्षानुवर्षं पाहिलंय. मग आला ‘सीएसएन’. मामा क्षणात म्हणाले, छत्रपती संभाजीनगर. मामी म्हणाल्या, त्याशिवाय दुसरं काय असणार. उत्तर आहे चाळीसगाव. मामांना पटेना. त्यांनी पत्ता उलटसुलट करून पाहिला, भाच्याने मोबाईलवर तपासलं, तेव्हा कुठे मान्य केलं. पण नंतर जेवतानाही ते चाळीसगावबद्दलच बोलत होते. धुळ्याला जायचं तर तिथे गाडी बदलावी लागायची, धुळ्याच्या गाडीसाठी फलाटावर किती वेळ बसावं लागायचं, सगळं.

चुकलेलंच उत्तर, पण डब्ल्यूएजीचं चुकणं आणि चाळीसगावचं चुकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात काकूंना स्वतःचं असं काहीच मत नव्हतं. दुसऱ्यात मामांचं ठाम मत होतं, ते कोसळलं.

बँकरचा नियम आज चाललाच नाही. भाचा कसाऱ्याला पोचला आणि त्याने तिघांना विचारलं. कुणीच येईना. मामी म्हणाल्या, ‘मी तुला वर ढकलू आणि मी खालीच राहू होय?’ बरोबर आहे त्यांचं. बँकरला काहीतरी मिळायला हवं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दादाशी बोलले. इंजिनांचे पत्ते काढायला तो तयार नाही. बराच वेळ घासाघीस झाली. त्याचं म्हणणं, इंजिनाशिवाय रेल्वे कसली. माझं म्हणणं, इंजिन राहू दे, आकडा काढ.

शेवटी असा तोडगा निघाला की पत्त्यावर किल्ली द्यायची. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी विजेवर चालणारं, डी म्हणजे डिझेल, पी म्हणजे प्रवासी गाडी, जी म्हणजे मालगाडी. आणि विचारायचं: ‘तुमच्या गाडीला लागलेल्या इंजिनावर डब्ल्यूएपी-७ लिहिलंय. ते मुळात कशासाठी बनवलेलं?’ हे पाठ नसलं तरी सोडवता येतं. आणि पुढच्या वेळी फलाटावर उभं राहिल्यावर इंजिनावरची अक्षरं वाचता येतात.

बँकरला ‘हिरवा झेंडा’ द्यायचं ठरलं. तो ज्याच्याकडे असेल त्याला पुढे एकदा नको असलेला पत्ता बदलून घेता येईल.

१६ नोव्हेंबर, रविवार

आमच्या मागच्या गल्लीत गार्डकाका राहतात. भुसावळ विभागातून निवृत्त. सगळी उत्तरं त्यांच्याकडून तपासून घ्यायची होती म्हणून गठ्ठा घेऊन गेले. त्यांनी लाल पेन काढलं आणि काकूंना चहा दोनदा टाकायला लागला, एवढा वेळ बसले.

अकरा पत्ते त्यांनी बाद केले. त्यातला एक माझा लाडका होता: ‘स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची का लिहितात?’ दादाच्या पत्त्यावर उत्तर होतं, ड्रायव्हरला चढ-उतार कळावा म्हणून. काका म्हणाले, ‘इतक्या वर्षांच्या नोकरीत ती उंची वाचून कुणी गाडी चालवलेली मी तरी पाहिली नाही. ड्रायव्हरला चढाची माहिती रुळाच्या कडेच्या पाट्यांवरून मिळते. तुमच्याकडे पक्कं उत्तर नसेल तर विचारू नका, लोक हे पत्ते खरे मानतील.’ पत्ता काढला. हा नियम आता कायमचा: ज्याचं उत्तर आम्हा तिघांपैकी दोघांना खात्रीने सांगता येत नाही, तो पत्ता खेळात नाही.

पण त्यांनी दिलंही भरपूर. शेवटच्या डब्यावरच्या मोठ्या पिवळ्या फुलीचा पत्ता त्यांच्याच सांगण्यावरून नीट झाला. गाडी स्टेशनातून गेली की स्टेशनवरचा माणूस ती फुली, ‘एलव्ही’ची पाटी, रात्री लाल दिवा बघतो. एलव्ही म्हणजे शेवटचं वाहन. ते दिसलं म्हणजे गाडी पूर्ण आली, वाटेत डबे सुटून राहिले नाहीत, मागचा रूळ मोकळा आहे. दिसलं नाही तर मागून दुसरी गाडी सोडायची नाही. एवढी साधी खूण आणि तिच्यावर केवढं अवलंबून. मी लहानपणापासून ती फुली पाहतेय, आणि ती गाडीची शोभा असावी असंच समजत होते.

आणखी एक त्यांनी सहज बोलता बोलता दिला. ते म्हणाले, ‘सिग्नल पडला की आम्ही झेंडा दाखवायचो.’ मी विचारलं, पडला म्हणजे? ते हसले नाहीत, उठून कागदावर चित्र काढलं. जुन्या सिग्नलला हात असायचा. हात आडवा म्हणजे थांबा. हात खाली पडला म्हणजे निघा. म्हणून ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी सुटणार. पत्ता तिथेच लिहिला: ‘आजोबा म्हणाले, सिग्नल पडला. गाडी थांबणार की निघणार?’

जाताना त्यांनी एक विनंती केली. एका पत्त्यावर दादाने ‘ट्रेन मॅनेजर’ लिहिलंय. २०२२ पासून अधिकृत नाव तेच आहे, ते चूक नाही. ‘पण कंसात का होईना, गार्ड लिहा.’ लिहिणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रजा टाकून दादाबरोबर पंचवटीने कल्याणपर्यंत गेले. पासवाले म्हणजे अर्धे दादासारखे, अर्धे खिडकीवाले. सात जण खेळले, सोंगट्यांऐवजी शेंगदाणे.

‘धावत्या गाडीत एटीएम बसवण्याचा देशातला पहिला प्रयोग कोणत्या गाडीत झाला?’ एप्रिल २०२५ मध्ये याच गाडीत झाला, त्यामुळे डब्यात हा प्रश्न वायाच जाणार होता. मुद्दाम विचारला, कारण घरच्या चाचणीत तीन जणांनी ‘वंदे भारत’ म्हटलं होतं. इथे सगळ्यांनी एका सुरात पंचवटी म्हटलं, आणि मग पत्ता कुणाला मिळाला यावर भांडण. एकाच पत्त्याची किंमत डब्याडब्यात बदलते. खेळाच्या डबीवर ‘नाशिककरांसाठी’ असं लिहायचं का, यावर विचार करायला हवा. मला वाटतं लिहावं. सगळ्या देशासाठी केलेल्या प्रश्नखेळात आमचं लासलगाव कधीच येणार नाही.

इगतपुरी जवळ आल्यावर घाटाचे पत्ते काढले. १८६५ साली थळ घाटातून गाडी सुरू झाली, चढ ३७ला १. दादाचा मूळ प्रश्न होता, चढ किती? पर्याय २०ला १, ३७ला १, ५०ला १, १००ला १. एका ताईंनी विचारलं, म्हणजे काय? सदतीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल उंची, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘एवढाच? आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा उतार याहून जास्त आहे.’

आणि खरंच, खिडकीवाल्याला तो आकडा लहानच वाटणार. मग समोर बसलेल्या एका काकांनी समजावलं: रबरी टायर रस्त्याला धरून ठेवतो, लोखंडी चाक लोखंडी रुळाला फारसं धरत नाही. म्हणून तर एवढं वजन एक इंजिन सपाटीवर आरामात ओढतं, आणि म्हणूनच चढ आला की चाकं घसरायची भीती. जो गुण सपाटीवर कामाला येतो तोच घाटात आडवा येतो. त्यामुळे मोटारीला किरकोळ वाटणारा चढ गाडीला अवघड. सगळा डबा ऐकत होता. पत्ता आता असा: ‘पार्किंगच्या उतारापेक्षा कमी चढ, तरी गाडीला मागून इंजिनं का लागतात?’ आकडा उत्तरात जाईल.

आजचा सगळ्यात मोठा लाभ मात्र इगतपुरीचा. पत्ता: ‘पूर्वी इगतपुरीला गाड्या एवढा वेळ का थांबायच्या?’ पस्तिशीच्या पुढचा एकेक जण उत्तराच्या आधी स्वतःची आठवण सांगू लागला. वडे घ्यायला उतरायचं, बाटलीत पाणी भरायचं, गाडी सुटेल म्हणून वडील आत ओरडायचे. का थांबायची, याला तीन उत्तरं आली: घाटाआधी ब्रेक तपासायला, जेवणासाठी, पाणी भरायला. खरं मोठं कारण विजेचं. मुंबईकडच्या तारांत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता, इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे २५ हजार व्होल्टचा एसी. एका विजेवर चालणारं इंजिन दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून इंजिन बदलायचं. दोन्हींवर चालणारी इंजिनं आली, नंतर मुंबईपर्यंत एसी आला आणि ते थांबणं संपलं. एक जण बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘म्हणजे आपण वडे खात होतो तेव्हा पुढे इंजिन बदलत होते. मी कधी पुढे जाऊन पाहिलंच नाही.’

तिसऱ्या रकान्यात आज जागा पुरली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस वही चाळली. आता जरा स्पष्ट दिसतंय. जे पत्ते रंगले त्यांत माणसाने ती गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होती, पण तिचं कारण कधी विचारलं नव्हतं. फुली, पाटी, थांबणं, चढ, तिकिटावरची अक्षरं. जे पडले त्यांत वर्ष, लांबी, क्रमांक, ताकद.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग १८५३ काढायचं का? नाही. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे सगळ्यांना येतं, शाळेत आलेलं असतं. ते सुरुवातीला हवंच, म्हणजे खेळणाऱ्याला बळ येतं. पण त्याच्यामागे दुसरा पत्ता जोडला: ‘त्या गाडीला इंजिनं किती होती?’ भाच्यासकट घरात सगळे एक म्हणाले. होती तीन: साहिब, सिंध आणि सुलतान. १४ डबे, ३४ किलोमीटर. वर्ष विचारलं की शाळा आठवते. तीन इंजिनं म्हटलं की गाडी डोळ्यांपुढे उभी राहते.

७ डिसेंबर, रविवार

मामींच्या माहेरी, जुन्या नाशकात, मेन रोडजवळच्या वाड्यात. सात खेळाडू, शिवाय माडीवरून ऐकणाऱ्या आजी.

‘नाशिक रोड या नावात ‘रोड’ का?’ हा पत्ता मी आतापर्यंत जवळ ठेवला होता. आमच्या नाशिक रोडच्या लोकांना विचारला तेव्हा ‘मुंबई-आग्रा रोडवरून’, ‘मोठा रस्ता जातो म्हणून’, ‘पूर्वी तसं म्हणायचे’ अशी उत्तरं आली होती. माझी आई तिथे ४० वर्षं राहतेय, ती म्हणाली, ‘नाव आहे ते, त्याला का काय?’

वाड्यातल्या लोकांना तो लगेच सुटला. कारण त्यांच्यासाठी स्टेशन दूर आहे, रोजच्या जगण्यात दूर. गाव इथे गोदेच्या काठी, लोहमार्ग गेला तिकडून नऊ-दहा किलोमीटरवरून. गावात गाडी येत नाही, तिथे उतरून रस्त्याने गाव गाठायचं, म्हणून ‘रोड’. वसई रोड, डहाणू रोड, सावंतवाडी रोड, राजापूर रोड, सगळीकडे हेच. एका काकांचं सासर राजापूरचं, ते म्हणाले, ‘राजापूर रोडला उतरून राजापूर गाठायचं म्हणजे दुसरा प्रवासच.’

मग मी पुढचा पत्ता वाचला: स्टेशन एवढं लांब, तर १८८९ नंतर लोक स्टेशनवरून गावात कशाने येत? पर्यायांत टांगा, बैलगाडी, ट्राम, मेणा. सगळ्यांनी टांगा म्हटलं. तेवढ्यात वरून आजींचा आवाज, ‘ट्राम होती. सासूबाई सांगायच्या. घोडे ओढायचे.’ खाली एकदम शांतता. आजींना आम्ही खाली आणलं, खुर्ची दिली. त्यांनी स्वतः पाहिलेली नाही, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा ती कधीच बंद पडली होती. पण सासूबाईंनी सांगितलेलं त्यांना लख्ख आठवतं: स्टेशनपासून मेन रोडपर्यंत रूळ, वाटेत रान, आणि यात्रेच्या दिवसांत बसायला जागा नसायची. त्यांची नात कॉलेजात आहे. तिने हे घरात कधीच ऐकलं नव्हतं. ‘आजी, तू कधी बोलली नाहीस?’ ‘कुणी विचारलं नाही.’

पुढे खेळ झालाच नाही. पट तसाच राहिला, कुणाची सोंगटी कल्याणला, कुणाची ठाण्याला. माझ्या चाचणीच्या हिशेबात हा डाव अपुरा आहे. मी तो सगळ्यात यशस्वी म्हणून नोंदवते आहे.

१४ डिसेंबर, रविवार

कॉलेजची सहा मुलं, गंगापूर रोडला एकाच्या खोलीवर. मोबाईल हातात. ‘सर्वांत लांब फलाट कोणता?’ दादाच्या पत्त्यावर गोरखपूर. मुलांनी दहा सेकंदांत शोधलं: हुबळी, १,५०७ मीटर, २०२३ पासून. गोरखपूरचा १,३६६ मीटरचा आता मागे पडला. पत्ताच शिळा होता.

घरी येऊन ‘सर्वांत’ हा शब्द असलेले सगळे पत्ते वेगळे काढले. एकोणीस निघाले. छापून झाल्यावर ज्याचं उत्तर बदलू शकतं ते विचारायचंच नाही. दादाला वाईट वाटलं, पण त्याने स्वतःच फाडले.

जमलेल्यांत एकच नोंदण्यासारखं: ‘सिग्नल पडला’ला सहाही जण ‘थांबणार’ म्हणाले. एकाने घरी वडिलांना फोन लावून खात्री केली.

२८ डिसेंबर, रविवार

निफाडला दादाच्या मित्राच्या शेतावर. पाच जण, बाजेवर पट. गर्दी कांद्याच्या कामाची, त्यामुळे डाव तुकड्यातुकड्यांत झाला.

‘देशातली पहिली किसान रेल कुठून कुठे सुटली?’ दादाने हा पत्ता अवघड गटात ठेवला होता. मित्राचे वडील म्हणाले, देवळाली ते दानापूर, ऑगस्ट २०२०. तारीखही सांगितली, ७. पर्याय ऐकायच्या आधीच. दादाला रेल्वेचं सगळं येतं असं आम्ही धरून चाललो होतो, पण मालाच्या बाजूने पाहिलं तर त्याच्याइतकीच माहिती या काकांना आहे, फक्त ती वेगळ्या कामातून आलीय. त्यांनीच मग विचारलं, लासलगावच्या कांद्याच्या वाघिणींवर, म्हणजे मालडब्यांवर, एकही पत्ता का नाही? खरंच नाही. १४० पत्त्यांत मालगाडीवर चारच होते, आणि चारही इंजिनांचे. पट लासलगाववरून जातो आणि कांदा कुठेच नाही, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्याबरोबर बसून तीन नवे पत्ते केले.

१८ जानेवारी २०२६, रविवार

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे. तिळगूळ, वाण झालं आणि अकरा बायकांना मी बसवून घेतलं. आधी ‘आम्हाला काय कळतंय रेल्वेतलं’ असं तिघी-चौघी म्हणाल्या. तासाभराने त्यांनाच उठवावं लागलं.

इतके दिवस माझ्या ध्यानात आलं नव्हतं की बायकांच्या रेल्वेच्या आठवणी बहुतेक माहेरच्या वाटेवरच्या असतात. नांदगावच्या वहिनींना मनमाडचा प्रत्येक फलाट पाठ. नंदुरबारकडच्या ताईंना नवापूरचा पत्ता आला: ‘कोणतं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत?’ त्यांनी पर्याय वाचूच दिले नाहीत. स्टेशन आधीचं, राज्यं १ मे १९६० ला वेगळी झाली, आणि सीमा फलाटावरूनच गेली. तिथे एक बाक आहे, अर्धा या राज्यात, अर्धा त्या. ‘आम्ही बहिणी मुद्दाम तिथे बसायचो, एक इकडे, एक तिकडे.’ दोघी-तिघींनी लगेच जायचं ठरवलं.

‘सी/फा’ची पिवळी पाटी दहाजणींनी पाहिलेली, कुणालाच अर्थ ठाऊक नाही. सीटी आणि फाटक: पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा. उत्तर सांगितल्यावर ‘आई गं, एवढंच होतं होय’ असा एकच आवाज उठला.

सुरेखा यादव यांचा पत्ता मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. साताऱ्याच्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जातात. ३६ वर्षांच्या नोकरीनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत त्यांनी चालवली. नाव दोघींनाच आलं. पण प्रश्नांची सरबत्ती झाली. रात्रपाळी असायची का? घाटात चालवायच्या का? मुलं लहान असताना कसं केलं? मला फक्त घाटाचं सांगता आलं, की हो, चालवली. बाकीचं ठाऊक नव्हतं आणि मी तसं सांगितलं. पत्त्याच्या मागे आता तीनऐवजी सहा ओळी आहेत.

बँकरचा नियम आज पहिल्यांदा पूर्ण फुलला. काकू कसाऱ्याला अडकल्या, तेव्हा झेंड्यासाठी नव्हे, त्यांना वर काढायचं म्हणून चौघी एकदम ‘मी येते’ म्हणाल्या. दादा दारातून बघत होता. त्याने नियमात तिथल्या तिथे बदल केला: घाटात बँकर एकाहून जास्त चालतील. खऱ्या घाटातही एकच असतो असं थोडंच आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

शेवटी ९६ पत्ते राहिले. १४० मधले ६१ गेले, १७ नवे आले. दादाने मोजून पाहिलं, त्याचे मूळ शब्द जसेच्या तसे असलेले फक्त २३. तो म्हणाला, हरकत नाही, ते २३ मी माझ्या मित्रांसाठी ‘मेल’ नावाच्या गटात ठेवतो. ठेवू दे. इंजिनांचे आकडे त्यातच आहेत. ज्याला हवे त्याने तो गट उघडावा.

गार्डकाकांनी शेवटचं प्रूफ वाचलं. ‘ट्रेन मॅनेजर (गार्ड)’ वर बोट ठेवून मान हलवली. एक दुरुस्ती सांगितली: फुलीच्या चित्रात दादाने फुली डब्याच्या मधोमध काढलीय, ती बहुतेकदा तशी नसते, दार सोडून एका बाजूला असते. चित्र पुन्हा काढलं.

वाड्यातल्या आजींना ट्रामचा पत्ता वाचून दाखवायला मामी गेल्या होत्या. त्यांनी ऐकला आणि म्हणाल्या, घोडे किती ते लिहिलं नाही. सासूबाई चार सांगायच्या. त्यांची नात आता जुने कागद शोधतेय. पक्कं होईपर्यंत मी तो आकडा घालणार नाही, पण त्या ओळीत जागा मोकळी ठेवायला छापखान्याला सांगितलंय.

पिवळा रंग प्रूफवर फिका आलाय, स्टेशनच्या पाटीसारखा दिसत नाही. उद्या सकाळी दादा पंचवटीला जाताना फलाटावरच्या पाटीशेजारी कागद धरून बघणार आहे.